गार हातांचा ताप

भडक्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, आणि एवढ्या एका गोष्टीवर त्याच्या ओळखीची सगळी माणसं वर्षानुवर्षं हसत आली होती. दिवसभर बर्फात उभा राहणारा माणूस, आणि डोकं मात्र कायम चुलीवर! "याला डब्यात घालून मिठाच्या पाण्यात सोडा," कारखान्याचा मिस्त्री म्हणायचा, "हा गोठायचा नाही, टाकीच उकळायला लागेल." पाठीमागे म्हणायचा तोवर ठीक होतं. एकदा तोंडावर म्हणाला, तेव्हा भडक्याने हातातला लाद्या ओढायचा लोखंडी आकडा असा भिरकावला की तो मिस्त्रीच्या कानाजवळून जाऊन मागच्या लाकडी दारात रुतला. मिस्त्रीने घाम पुसला, दोन्ही हातांनी जोर लावून तो आकडा उपटला आणि भडक्याला परत दिला. "लाद्या काढ," एवढंच म्हणाला. भडक्याइतक्या सफाईने बर्फाच्या लाद्या काढणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून नोकरी टिकली. नाहीतर असल्या माणसाला कुणी दारात उभं केलं नसतं.

लाद्या काढण्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. खारट पाण्याच्या टाकीत पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असतात. बर्फ धरला की डबा साखळीने वर ओढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा, म्हणजे लादी कडेने सुटते. मग डबा आडवा करायचा, आणि लादी सुसाट फळीवर आली की आकडा मारून तिला वळवायची. क्षणभर चुकलं तर लादी पायावर येते, आणि पायाची बोटं पुन्हा मोजायच्या लायकीची राहत नाहीत. हातमोजे ओले झाले की बर्फाला चिकटतात, म्हणून भडक्या उघड्या हातांनीच काम करी. त्याची बोटं जाड, भेगाळलेली, टोकांना पांढरी पडलेली. घरी येऊन चहाचा पेला धरला तरी बोटांना ऊब लागायला वेळ लागे. बर्फयंत्रातल्या अमोनियाचा वास अंगातून जात नसे तो नसेच.

या हातांना दुसरं एक काम येत होतं, ते म्हणजे मारणं. लादी बारीक आहे म्हणाला म्हणून एका ट्रकवाल्याचं नाक त्याने फोडलं. नळावर बादली पुढे सरकवली म्हणून खालच्या भाडेकरूला जिन्यावरून ढकललं, आणि तो बिचारा पुढे कित्येक दिवस कुबडी घेऊन फिरला. लोक म्हणायचे, मनाने चांगला आहे हो, राग तेवढा नाकावर आहे. आता मनाने चांगला असण्याचा त्या नाक फुटलेल्या माणसाला काय उपयोग? त्याच्या नाकाशी मन आलं नव्हतं, मूठ आली होती.

अशा माणसाचं लग्न व्हायचं नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक मोठी लाँड्री होती. तिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून येत आणि वाफेच्या प्रेसखालून सपाट होऊन परत जात. त्या प्रेसवर एक मुलगी होती. एकदा तिचा हात भाजला आणि ती सरळ बर्फ मागायला कारखान्यात आली. भडक्याने बर्फाचा चुरा फडक्यात बांधला आणि तिचं मनगट धरून भाजल्या जागी ठेवला. ती म्हणाली, "फडकं काढलंस तरी चालेल. तुझा हातच लादी आहे." भडक्या हसला. तो हसल्याचं मिस्त्रीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ही गोष्ट खरी मानायची.

तिचे हात उलट. दिवसभर वाफ, गरम पत्रा, गरम कापड. तळवे लाल आणि राठ झालेले. चुलीवरचं भांडं ती फडक्याशिवाय उचलायची. लग्न झालं तेव्हा लाँड्रीतल्या बाया म्हणाल्या, "हा गोठवतो, ही भाजते. मध्ये जो सापडेल त्याचं काही खरं नाही."

मध्ये सापडली ती ठकी. म्हणजे त्यांची मुलगी. नाव दुसरं काहीतरी होतं, पण ती इतकी गोल आणि गुटगुटीत होती की शेजारच्या शिंपीणकाकूंनी लाकडी बाहुलीसारखी म्हणून तिला पाहताक्षणी ठकी म्हटलं, आणि तेच चिकटलं.

भडक्या पोरीवर जीव टाकत होता, यात खोट नव्हती. कारखान्यातून सुटला की रबरी बूट काढायच्या आधी तो पाळण्याशी जाई आणि ठकीच्या कपाळावर हात ठेवी. आणि तिथेच सगळा घोटाळा होता. लादीवरून उठून आलेल्या त्या हाताला पोर निखाऱ्यासारखी लागे. "तापलीय!" तो ओरडे, तिला उचले आणि चिखलाच्या बुटांनिशी दवाखान्याकडे धावत सुटे. दारवानाला ढकलून, रांगेतल्या माणसांना बाजूला सारून तो थेट डॉक्टरांच्या टेबलाशी जाई. डॉक्टर काखेत थर्मामीटर लावत, बघत आणि सांगत, "ताप नाही." असं किती वेळा झालं त्याला गणती नाही. पुढेपुढे दारवान त्याला लांबून पाहूनच म्हणू लागला, "आली तापाची गाडी."

शेवटी एकदा डॉक्टर वैतागले. त्यांचंही बरोबर होतं. बाहेर खरी आजारी पोरं ताटकळत होती. ते म्हणाले, "अहो, तुमचे हात बर्फासारखे आहेत. त्यांना सगळं जगच तापलेलं लागणार. पोरगी ठणठणीत आहे. तुमचे हात खोटं बोलतात."

भडक्याच्या डोक्यात यातला एकच शब्द शिरला. "मला खोटारडा म्हणता?" तो म्हणाला, ठकीला त्याने टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटला, थर्मामीटर फुटलं, डॉक्टर खुर्चीसकट मागे कोसळले. दारवान मध्ये पडला, तर त्याचा पुढचा दात गेला. पोरगी टेबलावर आडवी, टाहो फोडतेय, आणि बाप तिच्या तपासणीच्या खोलीत माणसं लोळवतोय! पोलीस आले, त्यांनी त्याला नेलं, त्यांच्या पद्धतीने समजावलं आणि सोडून दिलं. दवाखान्याच्या फाटकातून हा माणूस पुन्हा आत येता कामा नये, असं डॉक्टरांनी दारवानाला बजावून ठेवलं. दारवानाला बजावायची गरज नव्हती. त्याची जीभ दिवसातून शंभर वेळा त्या रिकाम्या जागेत जात होती.

घरी दुसरंच चाललं होतं. बायको कामावरून आली की तीही आधी पाळण्याशी जाई, आणि वाफेने भाजून निघालेला तिचा हात ठकीच्या पायावर पडे. पाय तिला गारढोण लागत. "गारठलीय पोर!" ती म्हणे, आणि एक दुपटं गुंडाळी, वर दुसरं, मग मोजे, मग टोपडं. ठकी दूध प्यायला लागली की तिच्या डोक्याला घाम फुटे, उशी ओली होई.

"बघ, घाम आलाय. उकडतंय तिला," भडक्या म्हणे.

"घाम आलाय म्हणूनच झाकायचं. ओल्या अंगाला वारा लागला तर?"

"मी सांगतो ती तापलीय!"

"आणि मी सांगते ती गार आहे! तुझ्या हाताला काय कळतंय? तुला चहाचा चटका कळत नाही!"

दोघांच्या पाळ्या उलट्यासुलट्या होत्या, म्हणजे पोरीजवळ कुणीतरी राहावं. सकाळी तो लाद्या काढी, दुपारी ती प्रेसवर जाई. त्यामुळे दिवसभर त्या लेकराचं एकच चाले. ही गुंडाळी, तो सोडवी. तो पंखा लावी, ही बंद करी. मग भांडी उडत. तिनेही एकदा पातेलं फेकून त्याच्या भुवईवर खोक पाडली होती. त्याने दारावर बुक्की मारून फळी फोडली. शिंपीणकाकू भिंतीपलीकडे मशीन चालवत असायच्या, त्या भिंतीवर कात्री आपटून ओरडायच्या, "अरे, पोरीला मध्येच दोन भाग करून वाटून घ्या, म्हणजे मिटेल एकदाचं!"

यापर्यंत हसून सोडून देणारे लोक असतात. पुढचं हसण्यासारखं नव्हतं. एका दिवशी तो आला तेव्हा ठकी टोपड्यासकट गुंडाळलेली होती आणि हाताला नेहमीसारखीच भाजत होती. त्याने दुपटी ओरबाडून फेकली. बायकोने ती उचलली आणि पुन्हा पांघरायला वाकली. भडक्याने तिच्या तोंडावर मारलं. तोल जाऊन ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर आदळली. ती उठली, तर त्याने पुन्हा मारलं. आणि मग आणखी एकदा, तेव्हा ती उठतही नव्हती. कशासाठी? तर पोरीच्या काळजीपोटी. अशी काळजी करणाऱ्या माणसाच्या हाताला लकवा का भरत नाही, देव जाणे.

ती रडली असती, ओरडली असती, तर पुढे काय करायचं ते भडक्याला माहीत होतं. पाया पडायचं, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. पण ती रडली नाही. तिने ओठावर ओलं फडकं धरलं आणि ठकीला मांडीवर घेऊन बसली.

"ऐक," ती म्हणाली. सुजलेल्या ओठातून शब्द तिरके निघत होते. "माझ्या भावाकडे एक खोली रिकामी आहे. यापुढे हात उचललास, किंवा मी हिला गुंडाळलेलं एक फडकं जरी काढलंस, तर मी हिला घेऊन जाईन. पुन्हा दिसणार नाही ही तुला. मग लाद्यांचे लाड करत बस."

ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. ठकी गेली तर आपल्याकडे काय उरणार ते भडक्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. एक खोली, एक फुटकं दार, आणि हे दोन हात.

तेव्हापासून तो सुधारला. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे सुधारला. दुपारी बायको कामावर गेली की तो पाळण्याशी बसे. कपाळाला हात लावी, कपाळ भाजे. लगेच हात मागे घेऊन तो मनाशी म्हणे, हात खोटं बोलतात. ज्या वाक्यासाठी त्याने डॉक्टरांना लोळवलं होतं, तेच वाक्य आता तो तोंडातल्या तोंडात घोळवत बसे. कधीकधी तर हात अक्षरशः मांडीखाली दाबून ठेवी. पोर किरकिरली तरी दुपट्याच्या टोकाला तो शिवत नसे. त्याला स्वतःचं भारी कौतुक वाटू लागलं होतं.

मग तो दिवस आला. उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. कारखान्यात लाद्यांना इतकी मागणी की भडक्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. तो घरी आला तेव्हा बोटं वाकत नव्हती. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. वीज गेली होती, पंखा लटकून राहिला होता. बायकोला उशीर झाला होता, तिने ठकीला नेहमीप्रमाणे गुंडाळली, टोपड्याची नाडी बांधली, वारा येऊ नये म्हणून खिडकी लावली आणि दारातून म्हणाली, "उघडू नकोस."

"नाही उघडत," भडक्या म्हणाला.

ठकी रडायला लागली. त्याने पाळणा हलवला. ती रडतच राहिली, घसा बसेपर्यंत रडली. त्याने कपाळाला हात लावला. कपाळ भट्टीसारखं होतं. तळपायापासून मस्तकापर्यंत त्याचं सगळं अंग म्हणालं, सोडव तिला. आणि तो स्वतःला म्हणाला, गप्प बस, हात खोटं बोलतात. फडकं काढलंस तर पोर जाईल.

थोड्या वेळाने रडणं कमी झालं, मग थांबलं. त्याने टोपड्याखाली बोट घालून पाहिलं. रोज तिथे ओल असायची, केस चिप्प असायचे. आज कोरडं होतं. कोरडं ठाक. भडक्याला बरं वाटलं. घाम नाही म्हणजे उकडत नाही, असा त्याने सरळ हिशेब केला. बायकोचंच खरं होतं तर! पोर शांत झोपली, आपण काही फोडलं नाही, कुणाला मारलं नाही. तो भिंतीला टेकला आणि त्याचा डोळा लागायला आला.

दार ढकलून शिंपीणकाकू आत आल्या. त्यांच्या खांद्यावर मोजपट्टी तशीच होती. "आज पोरीचा आवाज कसा नाही रे? मघाशी रडत होती, मग एकदम चिडीचूप."

"झोपलीय."

काकू पाळण्यावर वाकल्या. ठकीचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकले होते, डोळे अर्धे उघडे होते आणि त्या डोळ्यांत ठकी नव्हती. काकूंनी गालाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे मेल्या, ही भाजतेय!"

"मलाही तसंच लागतं, काकू," भडक्या समजुतीने म्हणाला. "हात खोटं बोलतात."

"तुझे बोलत असतील! माझे कशाला बोलतील? माझा काय बर्फाचा कारखाना आहे?" त्यांनी कंबरेची कात्री काढली आणि टोपड्याची नाडी कचकन कापली. दुपटी सोडवली, मोजे ओढून काढले. ठकीचा हात त्यांनी उचलला आणि सोडला. तो चिंधीसारखा खाली पडला. "पळ! बघतोस काय तोंडाकडे, पळ!"

भडक्याने ठकीला उचललं आणि तो अनवाणीच धावत सुटला. डांबर पायाला चिकटत होतं. जवळ दवाखाना एकच होता, आणि त्याच्या फाटकात काठी घेऊन दारवान उभा होता.

"आली तापाची गाडी," दारवान म्हणाला, पण या वेळेस तो हसत नव्हता. "मागे फिर."

"पोरगी... पोरगी मरतेय माझी."

"ती दर वेळेला मरते. मागे फिर म्हणतो ना!"

भडक्या तसाच पुढे घुसला, आणि काठी त्याच्या खांद्यावर बसली. दारवान किती दिवस या संधीची वाट बघत होता, ते त्या फटक्यात कळलं. दुसरा पाठीवर, तिसरा कानावर. आतून एक वॉर्डबॉय धावत आला आणि त्याने पोटरीत लाथ घातली. भडक्या गुडघ्यावर आला. कानातून रक्त मानेवर उतरलं. या दोघांना झोपवायला त्याला फार वेळ लागला नसता. त्याचे दोन्ही दंड आपोआप ताठ झाले होते. पण हात रिकामे नव्हते. हाणायचं तर ठकीला आधी खाली ठेवायला हवं होतं, आणि खाली तापलेली फरशी होती. त्याने पाठीची कमान केली, डोकं खाली घातलं, पोरीला पोटाशी घेतलं आणि गुडघ्यांवर सरकत पुढे निघाला. काठी पडत राहिली. तो आत गेलेला, पायरी चढलेला, तरी पडत राहिली. मग त्याच्या कोपराखालून ठकीचा एक पाय लोंबताना दारवानाला दिसला. तो पाय हलत नव्हता. काठी तिथेच थांबली.

"सिस्टर!" दारवानच ओरडला. "सिस्टर, लवकर या!"

पुढचं सगळं घाईघाईत झालं. सिस्टरने ठकीला घेतलं, अंगातलं झबलं काढलं, तिला थंड खोलीत जनरेटरवर फिरणाऱ्या पंख्याखाली पलंगावर ठेवलं. "बर्फ आणतो," भडक्या म्हणत होता, "लादीच आणतो, आत्ता आणतो."

"बर्फाचं नावसुद्धा काढू नका! एवढ्याशा जिवाला बर्फ लावतात? कातडी आकसून आतली उष्णता आतच कोंडेल. कोमट पाणी द्या इकडे."

डॉक्टर आले. नव्या चष्म्यातून त्यांनी भडक्याकडे पाहिलं, त्याच्या कानाकडे पाहिलं, आणि पोरीकडे वळले. ओल्या फडक्यांनी अंग पुसणं, बारीकशी सुई, सलाईनची नळी. भडक्या भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि आपले हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ठकीने तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिल्लासारखी रडली. सिस्टर तिचं अंग टिपत होती. मानेपाशी तिचा हात थांबला. कोरडी केलेली मान पुन्हा ओली झाली होती, आणि जावळाच्या कडेला बारीक थेंब उभे होते.

"आला," सिस्टर म्हणाली. "हे आपलं पाणी नाही, हा तिचा घाम आहे. देवा! आला एकदाचा."

मग तिने भडक्याला झाडलं, आणि झाडता झाडता सगळं सांगितलं. एवढ्या लहान मुलांना मोठ्यांसारखा घाम येत नाही. येतो तो बहुतेक डोक्याला, मानेला. दूध पिताना जास्त. त्याला घाबरायचं नसतं. हातपाय त्यांचे गारच असतात, म्हणून गुंडाळत सुटायचं नसतं. आपण घालतो त्यापेक्षा फार तर एक कपडा जास्त, आणि अशा उन्हात तेवढाही नको. मूल तापलंय आणि घाम येत नाही, सुस्त पडलंय, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. "आणि बघायचं ते मानेवर, छातीवर बघायचं. या असल्या हातांनी नाही. गाल लावून बघा."

डॉक्टर दारात थांबले. "या वेळेस तुमचे हात खरं बोलत होते," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यापेक्षा त्यांनी ठोसा परत केला असता तर भडक्याला हलकं वाटलं असतं.

त्याने वाकून ठकीच्या मानेला गाल लावला. गालाला काही भाजलं नाही. नुसती ऊब लागली, आणि थोडी ओल. इतके महिने झाले, आणि आपली पोर खरी कशी लागते ते त्याला माहीतच नव्हतं.

काकूंनी निरोप धाडला होता. बायको लाँड्रीच्या एप्रनमध्येच धावत आली. तिने खोलीत पाऊल टाकलं तेव्हा तिला काय दिसलं? पोर पलंगावर उघडीनागडी पडलेली, हातात सुई, वर पंखा भरभर फिरतोय, आणि शेजारी नवरा, रक्ताने माखलेला. तिने जे समजायचं ते समजलं. पुन्हा याने तिला उघडी टाकली, पुन्हा कुणाशी तरी मारामारी केली. तिने ठकीच्या पायाला हात लावला.

"गार पडलीय! गार पडलीय रे माझी बाय!" ती किंचाळली आणि पायथ्याची चादर खेचून पोरीवर ओढायला लागली.

"थांब," भडक्या म्हणाला, आणि चादर धरायला त्याने हात वर केला.

तेवढंच. हात नुसता वर गेला होता. पण त्याच्या बायकोने चादर सोडली, डोळे गच्च मिटले, एक कोपर डोक्यावर घेतला आणि ती पोरीवर पालथी झाली. पाठीची कमान करून, डोकं खाली घालून, ठकीला पोटाखाली घेऊन ती फटक्याची वाट बघत राहिली.

सिस्टरने "ए!" म्हणून हाक घातली. दारवान काठी सावरून दारात आला. भडक्याचा हात हवेतच राहिला. ती पाठ तो ओळखत होता. थोड्या वेळापूर्वी फाटकात त्याची स्वतःची पाठ अशीच वाकली होती, आणि तेव्हा काठी दारवानाच्या हातात होती. इथे काठी कुणाच्या हातात आहे हे त्याला सांगावं लागलं नाही.

त्याने हात खाली घेतला.

फटका पडला नाही तरी ती उठली नाही. तिचा गाल ठकीच्या मानेवर दाबला गेला होता. ती तशीच पडून राहिली, आणि मग हळूच, पोरीच्या मानेतच म्हणाली, "ही गार नाहीये. ओली आहे."

"घाम आहे तो," भडक्या म्हणाला. "आता बरी आहे. माझंही चुकत होतं, तुझंही. हाताने कळत नाही म्हणे. गालाने कळतं."

ती ऐकत होती. तिचा गाल पोरीच्या मानेवरून हलला नाही. ठकी तिच्या कानाशी कुरकुरत होती. भडक्या एक पाऊल पुढे आला, बोटाने नुसतं ठकीच्या पायाला शिवावं म्हणून. बायकोचा कोपर पुन्हा डोक्यावर गेला.

"तुम्ही आधी बाहेर जा," ती म्हणाली.

ओळख झाल्या दिवसापासून ती त्याला अरे म्हणत आली होती. पातेलं फेकलं तेव्हाही अरेच म्हणाली होती, ओठ फुटला त्या दिवशीही तूच म्हणाली होती. तुम्ही ती फक्त परक्या पुरुषाला म्हणायची.

भडक्या बाहेर गेला.